सोलापुरात ऑनलाइन मार्केटिंगचा धंदा करताय? तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक का सुटतं ते बघा

नवी पेठेतल्या एखाद्या दुकानदाराला ‘तुमचं फेसबुक-इन्स्टा आम्ही सांभाळतो’ म्हणून राजी करणं फारसं अवघड नाही. शेजारच्यानं घेतलं की तोही घेतो. घोडं अडतं ते पुढं. तिसऱ्या महिन्यात मालक फोन उचलायचे बंद होतात आणि आपण पुन्हा नवं दुकान शोधत फिरतो. असा धंदा वर्षभर ओढता येतो, त्यापुढं नाही.

याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्याच बोलणीत असतं. ‘महिन्याला पंधरा पोस्ट, चार रील’ असं ठरलं की मालक पोस्टच मोजतात. त्यातल्या निम्म्या पोस्ट सणांच्या शुभेच्छांच्या. मग एक दिवस विचारणा होतेच, ‘डिझाइन झकास आहे ओ, पण गिऱ्हाईक कुठाय?’ याचं उत्तर हवं असेल तर काम सुरू करायच्या दिवशीच दुकानाच्या गुगल बिझनेस प्रोफाइलचा (गुगलवर नाव शोधलं की पत्ता, वेळ, फोन दाखवणारी नोंद) परफॉर्मन्स भाग उघडा. मागच्या महिन्यात किती जणांनी फोनचं बटण दाबलं, किती जणांनी रस्ता विचारला, ते आकडे मालकांच्या समोर वहीत लिहा. पुढं दर महिन्याला शेजारी नवा आकडा लिहायचा. मात्र हेही सांगून ठेवा की तिथं फक्त बटण दाबलेले मोजले जातात. नंबर बघून हातानं डायल करणारा त्यात येत नाही. म्हणून गल्ल्यावरच्या माणसाला ‘आमचं नाव कुठं बघितलं?’ एवढं विचारायची सवय लावा. नुसत्या लाइक दाखवणारा रिपोर्ट मालकांना कळत नाही, आणि खरं तर कळण्यासारखं त्यात काही नसतंही.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना एकच पॅकेज. सकाळच्या नाश्त्याच्या हॉटेलाला तीन-चार किलोमीटरचा परिसर पुरे. लग्नाच्या बस्त्याच्या दुकानाला मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूरचं गिऱ्हाईक लागतं, त्यामुळे जाहिरातीचा घेर तेवढा मोठा ठेवावा लागतो. पूर्व भागात जाहिरात चालवायची असेल तर तेलुगूतला एक आवाज घालून बघा. अक्कलकोटकडं कन्नडही चालते.

आणि युनिफॉर्मचा कारखाना? त्याला यातलं बरंचसं लागूच होत नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे परगावच्या शाळा आणि होलसेलवाले. अशा माणसाच्या गुगल प्रोफाइलवर मुख्य वर्ग ‘कपड्यांचं दुकान’ असा टाकला की दिवसभर फोन येतात ते एक शर्ट मागणाऱ्यांचे. महिनाभरात तो वैतागतो. फोन वाढले म्हणून आपण खूश, आणि तिकडं त्याचा माणूस फोन घेऊन घेऊन दमलेला. इथं मुख्य वर्ग बदला, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते स्पष्ट लिहा आणि कापड-साइजचा कॅटलॉग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर चढवा. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे त्याची खरी धावपळ त्याआधीचे काही महिने असते. पावसाळ्यात तो म्हणणारच, ‘आता कशाला पैसे घालवायचे?’ म्हणून करार महिन्याचा न करता वर्षाचा करा, हंगामात जास्त आणि एरवी कमी रकमेचा. चादर-टॉवेलवाल्यांशीही बोलणी करण्याआधी ते किरकोळ विकतात की ठोक, हे आधी विचारा.

गुगल प्रोफाइल अचानक गायब झालं तर
बहुतेक वेळा कारण नावात असतं. पाटीवर एक नाव आणि गुगलवर त्यापुढं ‘सोलापुरातील बेस्ट होलसेल चादर’ असं शेपूट जोडलेलं. हे गुगलच्या नियमात बसत नाही. घाबरून नवं प्रोफाइल उघडू नका, गुंता वाढतो. आधी नाव पाटीवर आहे तसं करा. शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल यांचे स्कॅन तयार ठेवा आणि मगच गुगलकडं अपील करा, कारण अपील टाकल्यावर पुरावे जोडायला तासाभराचीच मुदत असते. सवलत देऊन रिव्ह्यू मिळवणं किंवा विकत घेणं हेही नियमाबाहेर आहे. बिल देताना रिव्ह्यूचा क्यूआर कोड पुढं करा आणि लिहायचं गिऱ्हाइकावर सोडा.

पैशाचा घोळ
जाहिरातीचे पैसे आपल्या कार्डावरून भरून मागाहून वसूल करायचे, हा नाद सोडा. ती उधारीच आहे, आणि सोलापूरच्या बाजारात उधारी कशी वसूल होते ते वेगळं सांगायला नको. मेटा (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) आणि गुगलच्या जाहिरातबिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. मालकांच्या स्वतःच्या खात्यात त्यांचा जीएसटी क्रमांक टाकलेला असला तर नियमानुसार त्यांना तो वजा मिळू शकतो. शिवाय तो पैसा तुमच्या बिलातून फिरला तर तुमची उलाढाल उगाच फुगते. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या पुढं जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, हे ध्यानात असू द्या. आपली फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या.

डॉक्टर आणि वकील पैसे वेळेवर देतात म्हणून हवेसे वाटतात. पण मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांना जाहिरात करून पेशंट ओढता येत नाहीत. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, अशी औपचारिक सूचना तेवढी चालते. बार कौन्सिलचे नियम वकिलांनाही जाहिरात करू देत नाहीत. तिथं पत्ता, वेळ, फोन बिनचूक ठेवण्याचं काम घ्या, ऑफरची पोस्ट नको.

शेवटचं, डोमेन, गुगल प्रोफाइल आणि जाहिरातखातं पहिल्या दिवसापासून मालकांच्या ईमेलवर असू द्या, तुम्ही फक्त मॅनेजर. पासवर्ड अडवून गिऱ्हाईक धरून ठेवणारे या शहरात लवकर ओळखले जातात, चाटी गल्लीतली गोष्ट संध्याकाळी सात रस्ता चौकात पोचते. एखादं जुनं प्रोफाइल तुमच्याच ईमेलवर असेल तर मालकांना आत्ताच मालकी हक्क देऊन टाका. नव्यानं जोडलेल्या खात्याला पहिले ७ दिवस सगळे अधिकार मिळत नाहीत, त्यामुळे हे काम करार संपायच्या दिवसावर ठेवू नका.