कोकणातल्या घरासाठी फर्निचर घेताना भाव आणि दर्जा कसा जोखावा

गणपतीच्या तोंडावर कोकणातल्या फर्निचरच्या दुकानांत नुसती झुंबड असते. मुंबईहून माणसं येणार, घर भरणार आणि पलंग तर जुनाच. मग घाईघाईत जे चकाकतं ते टेम्पोत चढतं. पुढच्या श्रावणात त्याच कपाटाचं दार लागेनासं होतं, ड्रॉवर अडकतो आणि मागच्या फळीवर बुरा चढतो. दुकानदारानं फसवलंच असेल असं नाही. तोच माल सोलापुरात दहा वर्षं निमूट उभा राहिला असता. इथे चार महिने हवेतच पाणी, त्यात किनाऱ्यालगत खारा वारा. म्हणून कोकणात वस्तूचा भाव विचारताना मनात दुसरा आकडा धरावा: ही किती पावसाळे काढील?

आधी घर बघा

दुकानात जाण्यापूर्वी वस्तू कुठे ठेवणार ती जागा नीट बघा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती सगळ्यात ओल्या. जांभ्याची भिंत असेल तर ती पाणी पिते आणि आत सोडत राहते. अशा भिंतीला चिकटवून फिटिंगचं कपाट करू नका. सुटं कपाट घ्या आणि मागे तीन-चार इंच जागा सोडा. घर गणपती आणि शिमग्यापुरतंच उघडत असेल तर कापडी सोफा, बॉक्सचा पलंग, भरगच्च फोम यांवर पैसे घालू नका. बंद घरातली कोंदट हवा त्यांना सगळ्यात आधी धरते. लाकडी किंवा लोखंडी चौकट आणि उन्हात टाकता येईल अशी गादी, एवढं पुरतं.

नदीकाठच्या सखल भागाचा विचार वेगळा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तसं पाणी भरू शकेल अशा तळमजल्यावर जमिनीला टेकलेलं बोर्डाचं काहीही नको. पाय असलेली, दोघांना उचलून माडीवर नेता येतील अशी हलकी फर्निचरं घ्यावीत.

मग हिशेब मांडा

समजा, पार्टिकल बोर्डचं (लाकडाचे कण दाबून केलेल्या फळीचं) कपाट 10,000 रुपयांना आणि चांगल्या प्लायचं 27,000 ला मिळतंय. पहिलं चार पावसाळ्यांत गेलं तर वर्षाला 2,500 पडले. दुसरं पंधरा वर्षं टिकलं तर 1,800. पण तुम्ही बदलीच्या नोकरीत असाल आणि दोन वर्षांत खोली सोडणार असाल, तर 10,000 चंच घ्या, त्यात काही चूक नाही. महाग तेच शहाणपणाचं, असं कुणी सांगितलं तर त्याचं दुकान आहे का ते आधी विचारा.

माल ओळखा

फसगत होते ती इथेच, म्हणून इथे वेळ काढा. दुकानातल्या कपाटाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा करा. समोरची बाजू सगळेच सजवतात, खरं काय ते तळाला आणि पाठीला कळतं. बिजागरीचा स्क्रू जिथे बसतो ते भोक किंवा वायरसाठी पाडलेलं भोक बघा. आत लाकडाचे कण दाबून बसवलेले दिसले तर पार्टिकल बोर्ड. सपाट, तपकिरी, पुठ्ठ्याच्या जातीचं दिसलं तर एमडीएफ. आडवे-उभे थर दिसले तर प्लाय. पार्टिकल बोर्डच्या कडेची पट्टी एकदा सुटली की ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं, आणि फुगलेलं परत बसत नाही.

प्लायवर ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आयएसआयच्या शिक्क्यासोबतचा आकडा वाचा. आयएस 303 मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात. एमआर म्हणजे बाजारातला ‘कमर्शियल’, तो दमट हवा काही प्रमाणात सोसतो, पाणी सोसत नाही. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा. आयएस 710 म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात जास्त टिकणारा. सिंकखालचं कपाट, न्हाणीघराजवळची आणि पावसाच्या बाजूची भिंत एवढ्यालाच मरीन वापरा. बाकी घराला बीडब्ल्यूआर पुष्कळ झालं. सगळं घर मरीनचं करा म्हणणारा सुतार तुमचा खर्च उगाच वाढवतो. शिक्क्याजवळ सीएम/एल क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते दुकानातच उभ्या उभ्या कळतं.

सलग लाकडाचं सांगतात तेव्हा टेबलाच्या फळीची धार बघा. वरच्या रेषा धारेवरून खाली उतरून टोकाशी जुळत असतील तर लाकूड खरं. धारेशी रेषा तुटून नवीच नक्षी सुरू झाली तर वर पातळ व्हेनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा आहे. साग घेताना गाभ्याचा, पिवळसर-तपकिरी घ्या. कडेचा पांढरट भाग पॉलिशखाली लपवतात आणि भुंगा आधी तोच पोखरतो. वस्तूखाली बारीक भुगा पडलेला असेल, फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील, तर निम्म्या भावातही ती वस्तू घरात आणू नका, घरातल्या बाकीच्या लाकडालाही लागण होते. रबरवुडही ‘सॉलिड वुड’ म्हणूनच विकतात. ते नीट प्रक्रिया केलेलं असेल तर ठीक, नाहीतर दमट खोलीत त्याला बुरशी आणि कीड दोन्ही लवकर लागतात.

सागाचा भाव झेपत नसेल तर फणसाकडे बघा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, नवं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षांगणिक तांबूस-तपकिरी होत जातं. जेवणाचं टेबल, बाक, देवघर यांसाठी माझी पहिली पसंती फणसालाच. फक्त आवारातला फणस तोडून पलंग करायचा बेत असेल तर वनखात्याच्या परवानगीचं आधी बघा. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही सगळी आहेत.

लोखंडी कपाटाचा पत्रा गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. 22 पेक्षा 20 गेज बरा. किनाऱ्यावर गंज रंग उडालेल्या जागेपासून सुरू होतो, म्हणून खालची कड आणि पायाची आतली बाजू बोटाने चाचपून बघा. स्टेनलेस स्टीलमध्ये 304 हा प्रकार खाऱ्या हवेत 202 पेक्षा खूप चांगला टिकतो. चुंबक लावून मात्र या दोघांतला फरक कळत नाही, बिलावर लिहून घ्यावं लागतं.

सुताराकडून करून घेताना

एकूण रकमेवर घासाघीस करू नका, भाव फोडून मागा: लाकूड, मजुरी, पॉलिश, हार्डवेअर वेगवेगळं. लाकूड घनफुटावर मिळतं. जाडी आणि रुंदी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणाकार करा आणि 144 ने भागा. दीड इंच जाड, सहा इंच रुंद, सहा फूट लांब फळी म्हणजे 0.375 घनफूट. यात तासकाम आणि तुकड्यांची घट धरावीच लागते, पण ती किती धरली ते आधी विचारा.

कमी करायचं तर कोरीवकाम आणि चकचकीत पॉलिश कमी करा. बिजागऱ्या, ड्रॉवर सरकतो ते चॅनल आणि स्क्रू यांत हात आखडू नका. साधे काळे स्क्रू इथे दोन-तीन पावसांत गंजतात आणि चांगलं दार लोंबकळायला लागतं. पलंगाच्या कोपऱ्यांत नुसते खिळे आणि गोंद नकोत, कुसू बसवलेला, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घातलेला सांधा मागा.

लाकूड मुरलेलं, म्हणजे नीट सुकवलेलं हवं. काम जानेवारी ते मे या दिवसांत उरकावं. भर पावसात लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी छटा येते, आणि तेव्हा फुगलेल्या लाकडाचे घट्ट बसवलेले सांधे उन्हाळ्यात सैल होतात. उलट, राजस्थानातल्या कोरड्या हवेत बनलेलं शीशमचं फर्निचर इथे आलं की फुगतं. त्याचे ड्रॉवर दुकानात थोडे सैल वाटले तर ते चांगलंच समजा.

गाडी दाराशी आल्यावर

घाट उतरून कोल्हापूर-बेळगावहून माल आणायचा असेल तर भाडं, हमाली आणि दुरुस्तीला माणूस कोण येणार, हे किमतीत धरा. तीन हजार वाचवून आणलेल्या सोफ्याचा पाय मोडला तर तो परत घाटावर कोण नेणार? गावातला दुकानदार थोडा महाग असला तरी त्याचा सुतार संध्याकाळी येऊन जातो, याला मोल आहे.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘कपाट 1 नग’ एवढंच नको. लाकडाची जात किंवा प्लायचा आयएस क्रमांक, जाडी, फोमची घनता, वॉरंटीची मुदत, सगळं लिहून घ्या. सोफ्याच्या बैठकीला 40 घनतेचा फोम सांगून 28 चा भरला तर भांडायला तो कागदच हातात असतो. वॉरंटीत ‘ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वगळून’ असं कलम असेल तर कोकणात ती वॉरंटी नसल्यातच जमा, तिच्या नावाने जास्त पैसे देऊ नका. माल उतरवताना पाठ, तळ आणि पाय यांचे फोटो काढा, बिलातल्या नोंदी जुळवा आणि मगच उरलेली रक्कम द्या. तरी दुकानदार दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तक्रार करताना बिल आणि फोटो जवळ ठेवा.