गॅरेजच्या दाराची किल्ली हरवली तर

किल्ली सापडत नाही म्हटल्यावर पहिला मोह होतो तो पहार घालून दार खालून उचकटण्याचा. तो आवरा. गॅरेजचे दार एका कोपऱ्यातून उचलले की चाके पन्हाळीतून निसटतात, पत्रा वाकतो आणि एकदा वाकलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा सरळ होत नाही. शिवाय दाराचे वजन स्प्रिंगांनी तोललेले असते. ताणलेली स्प्रिंग किंवा तिची केबल सुटली तर हाताची बोटे जाऊ शकतात. कुलूप मोडले तर नवे बसवता येते, म्हणून मोडायची वेळ आलीच तर कुलूप मोडावे, दार नाही.

आधी खात्री करा: अडलंय ते कुलूपच का?

दाराला मोटर असेल तर आधी रिमोटची बॅटरी बदलून पाहा. मोटर नुसती घुरघुरते आणि दार हलत नाही, याचा अर्थ बहुधा कोणीतरी हाताचे कुलूपही लावून ठेवले आहे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. मोटरमधले दाते झिजतात किंवा दाराचा वरचा भाग वाकतो. खरे तर मोटर बसवली की हाताचे कुलूप काढून टाकणे किंवा कायम उघड्या स्थितीत पक्के करणे हेच योग्य, पण बसवणारे ते अनेकदा विसरतात.

गॅरेजला घरातून किंवा बाजूने दुसरे दार असेल तर काम जवळपास झालेच. बहुतेक कुलपांना आतून एक खिट्टी किंवा फिरवायची मूठ असते, तिला किल्ली लागत नाही. मोटरच्या पट्टीवरून लोंबणारी लाल दोरी ओढली की दार मोटरपासून सुटते आणि हाताने उचलता येते. ही दोरी दार पूर्ण बंद असतानाच ओढा. दार अर्धवट उघडे असेल आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर ते धाडकन खाली येईल.

कुलपावरचा नंबर

दुसरी वाट नसेल तर टॉर्च घेऊन कुलपाचे तोंड नीट पाहा. पुष्कळ कुलपांवर किल्लीच्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत एक कोड कोरलेला असतो. तो असेल तर जुनी किल्ली नसतानाही किल्ली बनवणारा नवी कापून देऊ शकतो. धूळ पुसा, तिरका उजेड पाडा आणि फोटो काढून ठेवा. हीच सोय धोक्याचीही आहे: जाता-येता कोणीही तो नंबर वाचू शकतो. म्हणून दार उघडल्यावर असे कुलूप बदललेलेच बरे.

कोड नसेल तर कुलूपवाल्याला बोलवा. मूठ असलेल्या गॅरेज-कुलपांत बऱ्याचदा पिनांऐवजी पातळ पितळी पट्ट्या असतात आणि जाणकाराला ती न मोडता उघडता येतात. जो माणूस आल्या आल्या ड्रिल बाहेर काढतो, त्याला आधी हत्याराने उघडून पाहायला सांगा. तो जागेचा ताबा तुमचाच असल्याचा पुरावा मागेल. तो तयार ठेवा. जागा भाड्याची असेल तर मालकाला विचारल्याशिवाय काही तोडू नका.

ड्रिल करायचेच ठरले तर

लागेल ते असे: ३ आणि ६ मिमीचे हाय-स्पीड स्टीलचे बिट, सेंटर पंच, हातोडी, चपटा स्क्रू ड्रायव्हर, थोडे मशीन ऑइल आणि डोळ्यांना चष्मा.

१. पट्ट्यांचे कुलूप असेल तर थेट किल्लीच्या भोकावर, पिनांचे असेल तर भोकाच्या दातांकडच्या टोकाला अगदी लागून पंचने खूण करा. खूण न करता सुरुवात केली की बिट घसरते आणि रंग खरवडतो.

२. ३ मिमीने सरळ भोक पाडा, मधूनमधून तेलाचा थेंब टाका, वेग कमी ठेवा. बिट तिरके गेले तर पिना शाबूत राहतात आणि काम दुप्पट होते.

३. आता तेच भोक ६ मिमीने मोठे करा. प्रत्येक पिनेला बिट जरासे अडखळते आणि मग सुटते. अडखळणे थांबले की थांबा. आणखी खोल गेलात तर मागची जीभ हलवणारा भागही खराब होईल.

४. भुसा झटका, स्क्रू ड्रायव्हर घालून किल्लीसारखा फिरवा.

शटरला खाली साधे कुलूप लावलेले असेल तर कुलपाचे भोक सोडून त्याची कडी, म्हणजे वरचा वाकडा गज पाहा. साधी कडी बोल्ट कटरने तुटते, कडक पोलादाची तुटत नाही. तिथे ग्राइंडरच लागतो. पण गॅरेजमध्ये पेट्रोल किंवा रंगाचे थिनर ठेवलेले असेल तर दाराच्या फटीजवळ ठिणग्या उडवू नका. त्यापेक्षा कोयंड्याचे बोल्ट बाहेरून सुटतात का ते बघा. सुटत असतील तर तो कोयंडा मुळातच चुकीचा बसवलेला आहे, हेही कळेल.

नवे कुलूप आणताना

जुने सोबत न्या. अर्ध्या सिलिंडरचे (एकाच बाजूने किल्ली लागणाऱ्या कुलपाच्या गाभ्याचे) माप तो पक्का करणाऱ्या स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना मिलिमीटरमध्ये मोजतात, उदा. ३०/१०. मुठीच्या कुलपाला चौकोनी दांड्याची जाडी व लांबी आणि दोन बोल्टांमधले अंतर मोजा. मूठ कोणत्या बाजूला फिरते तेही पाहा. मुठीपासून दाराच्या खिट्ट्यांकडे जाणाऱ्या आतल्या तारा सोडण्याआधी फोटो काढा.

बसवल्यावर पहिली चाचणी दार उघडे ठेवूनच घ्या. किल्ली फिरवून जीभ पूर्ण आत-बाहेर होते का ते चार-पाच वेळा बघा. काही दारे ओढून घेतली की आपोआप कुलूपबंद होतात. तारेचा ताण चुकला असेल तर तुम्ही पुन्हा बाहेर अडकाल. किल्ली जड फिरत असेल तर ग्रॅफाइट पावडर टाका. खाद्यतेल घालू नका, ते धूळ धरते आणि काही महिन्यांत पट्ट्या चिकटतात.