रोजच्या कपड्यांची तयारी: आधी वाळत घालण्याची दोरी, मग दुकान

डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईत नोकरीला जाणाऱ्या स्त्रीने कपड्यांचे कपाट नव्याने लावायचे ठरवले, तर खरेदीची यादी करण्यापूर्वी तिने घरातली वाळत घालण्याची दोरी एकदा नीट पाहावी. त्या दोरीवर एका वेळी किती कपडे एकमेकांना न चिकटता पसरता येतात आणि भर पावसात ते वाळायला किती दिवस लागतात, एवढे समजले की रोजचे कपडे किती हवेत हे बव्हंशी ठरते. मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो; म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा धुणे घरातच, पंख्याखाली वाळते. एप्रिलमध्ये सकाळी वाळत टाकलेला कुर्ता दुपारी घडी करून ठेवता येतो, तर जुलैत त्याच कुर्त्याला पुरते दोन दिवस लागतात, आणि वरून हात फिरवल्यावर तो कोरडा वाटला तरी काखेतली शिवण आणि गळ्याची पट्टी बोटांना गार लागते. तसाच घडी करून ठेवला, तर त्याचा कुबट वास शेजारच्या चार कपड्यांना लागतो.

हिशेब असा मांडावा. कामाचे दिवस पाच, धुणे बुधवारी आणि शनिवारी, वाळायला दोन दिवस आणि इस्त्रीला एक दिवस धरला, तर पाच जोड आलटूनपालटून पुरतात. वाटेत चिंब भिजण्याची पाळी येते म्हणून दोन जोड वाढवावेत, आणि इस्त्रीवाला न सांगता गावी जातो म्हणून आणखी एक. एकूण आठ. नववा जोड हौसेचा असतो. तो घेऊ नये असे नाही, पण त्याची गणना तयारीत करू नये. हाताशी असलेल्या कपड्यांपैकी गेल्या पावसाळ्यात जे खरोखर अंगावर चढले ते आधी या आठांत धरावेत आणि उरलेली संख्याच काय ती नवी घ्यावी.

कापडाची निवड हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त पैसे येथेच वाया जातात. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के बाष्प धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. त्यामुळे गर्दीच्या डब्यात सुती कपडा घाम टिपून घेतो, पण दोरीवर रेंगाळतो; पॉलिएस्टर झटपट वाळते, पण घाम अंगावरच राहू देते आणि संध्याकाळच्या गाडीत त्याचा वास स्वतःलाच नकोसा होतो. म्हणून आठांपैकी पाच जोड पातळ सुती कापडाचे आणि तीन सूत व पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे ठेवावेत, आणि हे तीन मुसळधार पावसाच्या आठवड्यासाठी राखावेत. रेयॉन दुकानात सुळसुळीत आणि स्वस्त दिसते, परंतु ओले झाले की त्याचा धागा कमजोर होतो आणि कपडा पाण्याच्या भाराने खाली ओघळतो. एका पावसाळ्यात तीन कुर्त्यांचे घेर वाकडेतिकडे झाल्यावर मला हे उमगले. जीन्स एक पुरे, आणि तीही ऑक्टोबरनंतर, कारण तिचा कमरपट्टा आणि खिशांचे कोपरे तिसऱ्या दिवशीही ओलसरच असतात.

सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून घ्यावे. पहिल्या धुण्यात ते पाच टक्के आटले, तर ४५ इंच उंचीचा कुर्ता सव्वादोन इंचांनी आखूड होतो, आणि मग शिंप्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शिंप्याला तीन गोष्टी माप देतानाच सांगाव्यात: बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे एकेक इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवावी, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, अर्धा इंच सैल ठेवावा, कारण तासभर वरची कडी धरून उभे राहायचे असते, आणि उजव्या शिवणीत मोबाइल पूर्ण आत जाईल एवढा खोल खिसा द्यावा. तिसरी सूचना ऐकून बहुतेक शिंपी ‘खिशाने फिटिंग बिघडेल’ असे म्हणतात. ते शांतपणे ऐकून खिसा लावून घ्यावा. ओढणी चढता-उतरताना पिशवीतच राहू द्यावी.

खालच्या कपड्यांसाठी गडद निळा, काळा आणि मातकट अशा तीन रंगांच्या सरळ पँट प्रत्येकी दोन घ्याव्यात; साचलेल्या पाण्यातून जाताना त्या घोट्यावर दुमडता येतात, चुडीदार दुमडता येत नाही. प्रत्येक कुर्ता या तीनपैकी निदान दोन रंगांवर चालला पाहिजे. आतल्या कपड्यांत मात्र काटकसर करू नये: त्यांचे किमान बारा जोड असावेत, कारण अर्धवट ओले कपडे घातल्याने पावसाळ्यात गजकर्ण होण्याचा धोका वाढतो. कोल्हापुरी चपला जूनच्या आरंभी कोरड्या करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवाव्यात. ते चामडे पाणी पिऊन फुगते आणि मग त्यावर बुरशी धरते. रेशमी साड्या या हिशेबात येत नाहीत, त्या मलमलीत गुंडाळून वेगळ्या कप्प्यात राहू द्याव्यात.

कार्यालयाच्या खणात एक पूर्ण जोड, आतले कपडे, पंचा आणि रबरी चपला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि दर महिन्याला ती पिशवी उघडून वास घ्यावा.

नवे कपडे शिवायचे असल्यास कापड मेच्या पहिल्या पंधरवड्यात शिंप्याच्या हाती पडलेले असावे. त्यानंतर त्याच्याकडे शाळांचे गणवेश येतात, ते उरकेपर्यंत गणपतीची गर्दी सुरू होते, आणि मग आपला कुर्ता गठ्ठ्याच्या तळाशी जातो. मेमध्ये शिवून आलेला कपडा पावसापूर्वी दोनदा धुऊन उन्हात वाळवता येतो, आणि त्याचा रंग जाणार असेल तर तोही तेव्हाच कळतो.