फळमाशीच्या अंडाशयातलं स्पेक्ट्रिन रंगवताना

फळमाशीच्या पेशीपटलाला आतून आधार देणारं जाळं प्रामुख्याने स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं. अल्फा साखळी एकच; बीटा मात्र दोन. साध्या बीटाशी जोडी जमली तर स्पेक्ट्रिन पेशीच्या बाजूच्या पटलावर बसतं, बीटा-हेवीशी जमली तर वरच्या टोकाकडे. त्यामुळे अल्फाची अँटिबॉडी लावली की दोन्हीकडचं दिसतं. अंडाशयात मात्र तिचं मोल वेगळ्या कारणाने आहे: जननपेशींतल्या फ्यूझोममध्येही (जोडलेल्या जननपेशींतून पसरणारी, पटलांची बनलेली रचना) अल्फा-स्पेक्ट्रिन असतं, आणि फ्यूझोमच्या आकारावरून त्या पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहेत ते कळतं.

कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्या घ्या, सोबत थोडे नर ठेवा आणि २५ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस ओल्या यीस्टवर वाढवा. यीस्टचा लगदा श्रीखंडाइतका घट्ट हवा. पातळ झाला तर माश्या त्यात चिकटून मरतात. उपाशी माद्यांचे अंडाशय बारीक राहतात आणि विच्छेदनाला त्रास देतात.

विच्छेदन ग्रेसच्या माध्यमात (कीटकपेशींसाठीचं पोषक द्रावण) किंवा पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खारं द्रावण) करा. अंडाशय बाहेर आले की पाच नंबरच्या चिमट्याने मोठ्या अंड्यांची बाजू धरा आणि बारीक सुईने पुढच्या टोकाकडून नळ्या (ओव्हरिओल, ज्यांत अंडी तयार होतात) विंचरून सुट्या करा. प्रत्येक नळीभोवती स्नायूंचं आवरण असतं. ते फाटलं नाही तर अँटिबॉडी आत जात नाही आणि जर्मेरियम (नळीचं मूळपेशी असलेलं पुढचं टोक) काळंच दिसतं. उलट जोर जास्त झाला तर नेमकं जर्मेरियमच तुटून हरवतं. नळ्या मागच्या बाजूने एकमेकींना जोडलेल्याच राहू द्या. पूर्ण सुट्या केल्या तर धुताना पिपेटमधून निघून जातात. पहिली मादी कापल्यापासून वीस मिनिटांच्या आत सगळं फिक्सेटिव्हमध्ये गेलं पाहिजे.

फिक्सेटिव्ह ४ टक्के फॉर्मल्डिहाइडचं: १६ टक्क्यांचं मिथेनॉलविरहित द्रावण २५० मायक्रोलिटर आणि पीबीएस ७५० मायक्रोलिटर. वीस मिनिटं, हलवत. साधं फॉर्मलिन नको. त्यातल्या मिथेनॉलमुळे अॅक्टिनची रचना बिघडते आणि फॅलॉइडिन (अॅक्टिनला चिकटणारा रंग) नीट बसत नाही. मग ०.३ टक्के ट्रायटन (पटलं सच्छिद्र करणारं डिटर्जंट) घातलेल्या पीबीएसने तीनदा, दहा-दहा मिनिटं धुवा. त्याच द्रावणात ५ टक्के गोट सीरम घालून तासभर ब्लॉक करा, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटणार नाही.

पहिली अँटिबॉडी ३ए९, ही अल्फा-स्पेक्ट्रिनची, उंदरात बनवलेली. सुरुवात २ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरने करा. बाटलीवर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलं असेल, तर ब्लॉकिंग द्रावणात १:१० ते १:२५. दर बॅचची तीव्रता वेगळी असते; मागच्या वेळचं प्रमाण डोळे झाकून वापरू नका. रात्रभर ४ अंशांना ठेवा. फ्यूझोमसाठी १बी१ ही अॅड्युसिनची (फ्यूझोममधलंच दुसरं प्रथिन) अँटिबॉडीही चांगली, पण तीही उंदराचीच, म्हणून दोन्ही एकाच ट्यूबमध्ये घालून दुसऱ्या अँटिबॉडीने (पहिलीला चिकटणारी, चमकता रंग जोडलेली) वेगळ्या ओळखता येत नाहीत. जननपेशी ओळखायला सशाची किंवा रॅटची (मोठ्या उंदराची) वासा-अँटिबॉडी (वासा हे जननपेशींतलं प्रथिन) जोडीला घ्या. सकाळी तीनदा धुऊन दुसरी अँटिबॉडी १:५०० ने दोन तास, अंधारात. तुलनेसाठी एक ट्यूब पहिल्या अँटिबॉडीविना ठेवा.

स्लाइडवर घेताना सुईने पिकलेली अंडी वेगळी करून बाजूला काढा. ती राहिली तर कव्हरस्लिप उचललेली राहते आणि जर्मेरियम लेन्सच्या आवाक्याबाहेर जातं. फोटो बिघडण्याचं हे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, दोष मात्र अँटिबॉडीला दिला जातो.

आता वाचन. जर्मेरियमच्या टोकाला, कॅप पेशींना (मूळपेशींना जागेवर धरणाऱ्या शरीरपेशी) चिकटून दोन-तीन मूळपेशी असतात. त्यांच्यात फ्यूझोम गोल ठिपक्यासारखा, कॅप पेशींच्या बाजूला सरकलेला. लगतच्या सिस्टोब्लास्टमध्येही (मूळपेशीपासून वेगळी झालेली लेकपेशी) गोलच. म्हणून नुसता गोल ठिपका म्हणजे मूळपेशी असं धरू नका, कॅप पेशीला स्पर्श आहे का ते बघा. चार विभाजनांनंतर १६ पेशींचा गुच्छ होतो आणि फ्यूझोम फांद्यांचा होतो. गफलत इथेच होते: एकाच पातळीत पाहिलं तर फांद्या कापल्या जाऊन सुटे गोल ठिपके दिसतात. अर्ध्या मायक्रॉनच्या टप्प्यांनी पूर्ण खोली घ्या आणि ठिपके एकमेकांना जोडलेत का ते वर-खाली फिरून तपासा. मूळपेशी विभागत असताना तिच्यात आणि लेकपेशीत फ्यूझोम लांबट दांड्यासारखा पसरतो. तो दोन पेशींचा गुच्छ नव्हे.

जननपेशींत नॅनोस-गॅल४ने (फक्त जननपेशींत जनुक चालवणारी यंत्रणा) आरएनएआय (जनुकाचा आवाज दाबण्याची पद्धत) चालवून अल्फा-स्पेक्ट्रिन कमी केलं असेल, तर भोवतीच्या फॉलिकल पेशींची (जननपेशींना वेढणाऱ्या शरीरपेशी) पटलं त्याच नळीत उजळ राहायला हवीत. तीही फिकी असतील तर आरएनएआयवर काही ठरवू नका, रंगच लागलेला नाही. पटलं उजळ आणि फ्यूझोम गायब, असं असेल तर गुच्छाच्या पेशी मोजायला फ्यूझोम उरलेला नसतो. तिथे फॅलॉइडिनने रिंग कॅनॉल (गुच्छातल्या पेशींना जोडणारी अॅक्टिनच्या कडेची छिद्रं) मोजा: १६ पेशींच्या गुच्छात १५.