परग्रहावरच्या निर्वासितांचं नभोनाट्य करताय? या चुका टाळा

परग्रहवासी पृथ्वीवर आश्रय मागतात, या गोष्टीचा सगळा भार त्यांच्या मागणीवर असतो आणि ती मागणी ऐकणाऱ्याला शब्दाशब्दाने कळावी लागते. बहुतेक नाटकं नेमकी इथेच फसतात. पात्र परकं वाटावं म्हणून आवाजावर थरावर थर चढवले जातात आणि शेवटी उरते ती नुसती घरघर.

आवाज खोल केला की शब्द का बुडतात

पिच (आवाजाची पट्टी) सहा सेमीटोन (अर्धसूर) खाली ओढली, वर रिंग मॉड्युलेटर (आवाजाला दुसऱ्या सुराशी गुणणारा इफेक्ट) लावला, त्यावर लांबलचक रिव्हर्ब (घुमारा) दिला, ही नेहमीची पाककृती. बोलण्याची स्पष्टता मुख्यतः व्यंजनांत असते आणि त्यांचा बराचसा ऐवज २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, 'स'सारख्यांचा त्याच्याही वर असतो. साध्या पिच शिफ्टमध्ये सगळंच खाली सरकतं, त्यामुळे ४००० हर्ट्झवर असलेलं साधारण २८३० वर येऊन बसतं. 'क' आणि 'ख', 'प' आणि 'फ' यांतला फरक तर श्वासाच्या एका छोट्याशा झोताचा. रिव्हर्बची शेपटी ती फट भरून टाकते आणि 'काल' की 'खाल' हे कळेनासं होतं.

उपाय असा: संवादाच्या ट्रॅकची प्रत काढा. मूळ ट्रॅक स्वच्छ ठेवा, इफेक्ट फक्त प्रतीवर लावा आणि ती मुळापेक्षा ८ ते १० डेसिबल खाली ठेवा. प्रतीतला १ किलोहर्ट्झच्या वरचा भाग खालचेच सूर जाऊ देणाऱ्या लो-पास फिल्टरने कापलात तर आणखी बरं. दोन्ही मिसळल्यावर आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा झाला तर प्लगइनमुळे (इफेक्ट देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमुळे) प्रत काही मिलिसेकंद मागे पडली आहे असं समजा. वेव्हफॉर्म मोठा करून दोन्ही ट्रॅक जुळवा.

पिचपेक्षा फॉर्मंट, म्हणजे घशा-तोंडातले अनुनाद, हलवणं जास्त कामाचं. दोन-तीन सेमीटोनसुद्धा पुरतात आणि त्याला शास्त्राचा आधारही देता येतो. हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट असतो, म्हणून तिथे स्वरयंत्राचा मूळ सूर फारसा न बदलता घशा-तोंडातले अनुनाद वर जातात. जड वायूत याच्या उलट होतं. पाहुण्यांच्या कक्षात वेगळा वायू आहे असं ठरवलंत, तर आत एक फॉर्मंट आणि बाहेर पृथ्वीच्या हवेत दुसरा ठेवा. प्रसंग कुठे घडतोय हे निवेदनाशिवाय कळतं. इतकी फुकटची सोय वापरली का जात नाही, हे कोडंच आहे.

रिंग मॉड्युलेटर टाळलेलाच बरा. २० ते ४० हर्ट्झवर तो आवाज खरखरीत करतो, शेकडो हर्ट्झवर नेला की धातूसारखा वाजवतो. दोन्ही वेळा ऐकणारा समोर यंत्र आहे असं धरून चालतो आणि मग त्या पात्राची दया येत नाही. लावायचाच असेल तर मिश्रणात १५-२० टक्क्यांवर जाऊ नका. परकेपणा नटाकडून काढून घ्या: त्या जमातीला एकच शारीरिक सवय द्या, उदाहरणार्थ वाक्याच्या मधेच श्वास घेणं, आणि ती सर्वांनी पाळायची.

तपासणी सोपी आहे. संहिता न वाचलेल्या माणसाला ३० सेकंदांचा तुकडा एकदाच ऐकवून शब्द लिहायला सांगा. दोनपेक्षा जास्त शब्द चुकले तर इफेक्ट कमी करा.

'मी आलो' की 'मी आले'?

लिंगभेद नसलेली जमात लिहिलीत आणि पहिल्याच वाक्यात 'मी आलो' म्हणवलंत की तिला पुरुष करून बसलात. 'मी आलं' केलं की पात्र लहान मूल वाटतं. 'आम्ही आलो' चालतं आणि समूहाचा भासही देतं. एकट्याबद्दल बोलायचं असेल तिथे 'मला यावं लागलं' अशी रचना घ्या. हे पहिल्या मसुद्यातच ठरवा. रेकॉर्डिंग झाल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा बोलावणी.

दुभाष्याचा प्रसंग

मूळ परकी भाषा दीड-दोन सेकंद पूर्ण आवाजात ऐकू द्या, मग ती १२ ते १५ डेसिबल खाली घ्या आणि दुभाष्याला सुरू करा. अख्खा प्रसंग असा चालवला तर थकवा येतो, म्हणून दोन-तीन देवाणघेवाणींनंतर मूळ भाषा काढून टाका. ऐकणाऱ्याला संकेत कळलेला असतो. नटांनी ऐनवेळी रचलेली बडबड मात्र लगेच उघडी पडते, प्रत्येकाचा ग्रह वेगळा वाटतो. आधी दहा-बारा ध्वनींचा संच ठरवून लिहून द्या.

कायद्याचा घोळ

'आमचा सूर्य विझतोय' एवढ्यावर १९५१च्या निर्वासित कराराखाली अर्ज मंजूर झालेला दाखवणं ही संहितेतली मोठी चूक. त्या व्याख्येला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळाची रास्त भीती लागते. निसर्गाची आपत्ती त्यात नाही. ही अडचण लपवू नका, सुनावणीचा प्रसंग तिच्यावरच उभा राहतो: शेवटच्या यानांत कोणाला जागा नाकारली आणि का, हे अर्जदाराला सांगावं लागेल. धोक्याच्या ठिकाणी परत पाठवू नये, हे त्याच कराराचं कलम ३३ वकिलाच्या हाती द्या. 'संयुक्त राष्ट्रांनी आश्रय दिला' हेही चूक, आश्रय देश देतात. तेव्हा यान कुठल्या देशात उतरलं हे कथानकात ठरलेलं हवं. १९६७च्या बाह्य अवकाश करारात अंतराळवीरांना मदत करण्याचं बंधन आहे, पण दुसऱ्या ग्रहावरून आलेल्यांचा उल्लेख नाही.

अंतर आणि यानाचा आवाज

चंद्राजवळच्या यानाशी बोलताना रेडिओ संदेश एका बाजूने साधारण १.३ सेकंद घेतो, म्हणजे प्रश्नानंतर उत्तर २.६ सेकंदांच्या आत येऊच शकत नाही. मंगळाजवळून एका बाजूलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथून तावातावाने घासाघीस लिहू नका, ध्वनिमुद्रित निवेदन लिहा. चंद्राच्या प्रसंगातली २.६ सेकंदांची फट मोकळी सोडली तर ऐकणाऱ्याला फाईल अडकली असं वाटतं. तिच्यात रेडिओच्या वाहक लहरीची हलकी खरखर ठेवा.

यानाची घरघर ४०-६० हर्ट्झवर केली तर मोबाईलच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही यान जाणवतं. निर्वातात ध्वनी जात नाही, तेव्हा बाहेरची धडक यानाच्या सांगाड्यातूनच ऐकू येईल: ३०० हर्ट्झच्या आसपास लो-पास लावलेला धक्का आणि त्यापाठोपाठ आतल्या वस्तूंचा खडखडाट. छोट्या स्पीकरवर प्रसंग हा खडखडाटच पोचवतो.

शेवटचा हात

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, माईक १५-२० सेंटिमीटरवर, सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान (० म्हणजे डिजिटल कमाल). खोलीचा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये शिरला तर नंतर नीट निघत नाही. अंतिम फाईल स्टिरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीचं एकक), मोनो असेल तर उणे १९, ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबल. निर्यात करण्याआधी सगळं मिश्रण एकदा मोनोमध्ये ऐका. परग्रहवासीयाचा आवाज त्यात बारीक झाला किंवा गायब झाला, तर त्याच्यावरचा स्टिरिओ रुंद करणारा प्लगइन डाव्या-उजव्या बाजू एकमेकांना मारतोय. तो संवादावरून काढा आणि फक्त रिव्हर्बवर ठेवा.