समुद्रावर नेलेला कॅमेरा: लेन्सवरचं मीठ नीट कसं काढायचं

नागपुरात कॅमेऱ्याला त्रास धुळीचा. म्हणून लेन्सवर काही दिसलं की फुंकर मारायची आणि शर्टाच्या टोकानं पुसायचं, ही सवय इथे बहुतेकांना आहे. मालवणला, गणपतीपुळ्याला किंवा गोव्याला हीच सवय लेन्सचं नुकसान करते, कारण तिथे काचेवर धूळ नसते. वाळू असते आणि मीठ असतं. दोन्ही काढायची रीत वेगळी, आणि क्रम चुकला तर दोन्ही महागात पडतात.

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पातळ होतं, खाली आली की सुकून त्याचे खडे होतात. किनाऱ्यावर ते काचेवर चिकट, ओलसर थर होऊन बसतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तोच थर सुकतो आणि फटींत तर दिसतही नाही. कॅमेरा ठीक चालतो, म्हणून तो कपाटात जातो. जुलैत इथली हवा दमट झाली की फटींतलं मीठ पुन्हा ओलं होतं आणि स्क्रू गंजू लागतात. लोक पावसाळ्याला दोष देतात, पण मीठ हिवाळ्यातल्या सहलीतच आत गेलेलं असतं. म्हणून सफाई नागपूरला परतल्यावर करायची नाही. मुक्कामाच्या खोलीत, त्याच संध्याकाळी करायची.

सोबत काय घ्यायचं

यूव्ही फिल्टर, हूड, रबरी ब्लोअर, चार स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, कापसाच्या काड्या, झिपलॉक पिशव्या. पाण्यासाठी मेडिकलमधून 'वॉटर फॉर इंजेक्शन'च्या 10 मिलीच्या पाच-सहा प्लास्टिक कुप्या घ्या. स्वस्त, शुद्ध आणि प्रवासाला सोयीच्या. लेबल मात्र वाचून घ्या. तशाच दिसणाऱ्या कुपीत नॉर्मल सलाइनही मिळतं आणि त्यात 0.9 टक्के मीठ असतं.

किनाऱ्यावर

एसी खोलीतून निघताना कॅमेरा झिपलॉकमध्ये बंद करा आणि बाहेर अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा, नाहीतर थंड काचेवर दव धरतं. लेन्स खोलीतच लावा, वाळूवर बदलू नका. बॅग खांद्यावरच. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि फोटो काढत नसाल तेव्हा झाकण लावा. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे सांधे वाळू-पाण्याच्या वर राहतात.

झूम करताना जिची नळी बाहेर येते ती लेन्स हवा आत ओढते, हवेबरोबर बारीक वाळूही. अशी लेन्स असेल तर वाऱ्यात एकाच फोकल लेंग्थवर, म्हणजे झूम न हलवता, काम करा. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर काळी वाळू आहे, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबकानं बसणारे फिल्टर तिथे नेऊ नका, कडेला कण चिकटतात. 'वेदर सील्ड', म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये असं बनवलेलं, या शब्दावरही फार विसंबू नका. कॅननच्या 17-40 मिमी एफ/4 एलसारख्या लेन्सचं सीलिंगसुद्धा पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं.

मीठ काढणं

बहुतेक लेन्स इथेच खराब होतात, तेव्हा हे सावकाश करा.

आधी वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं, त्यामुळे एक कण फडक्याखाली राहिला तरी ओरखडा पडतो. लेन्सचं तोंड खाली धरा आणि ब्लोअरनं खालून वर हवा मारा, म्हणजे सुटलेले कण खाली पडतील. दहा-पंधरा वेळा मारा, दोनदा मारून भागत नाही. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. दाबाच्या हवेचा डबाही नको, त्यातलं द्रव काचेवर पडतं.

मग फिल्टर काढा. रोज काढायचा, कारण आट्यांत मीठ सुकलं की तो जाम बसतो. जाम झालाच तर बोटांनी आवळू नका, कडं वाकून आणखी घट्ट होतं. कडेभोवती रुंद रबरबँड लावून हलक्या हातानं फिरवा. साधा यूव्ही फिल्टर नळाखाली धुवून वरून कुपीतलं पाणी ओता. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, कधीही नळाखाली धरू नका. त्यात दोन काचांमध्ये फिल्म असते, कडेनं पाणी शिरलं की तो गेला.

आता पुढची काच. इथे जवळपास सगळे लेन्स क्लीनर मारायला सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे. अनेक क्लीनरमध्ये अल्कोहोल असतं आणि मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. क्लीनरनं मीठ फक्त पसरतं, धुरकट चट्टा उमटतो, माणूस जोर लावून घासतो आणि कोटिंग झिजतं. मीठ विरघळतं ते पाण्यातच.

पाणी फडक्यावर घ्या, काचेवर नाही, कारण कडेचा थेंब आत उतरतो. फडकं ओलसर हवं, पिळलं तर थेंब पडू नये इतकंच. ते काचेवर नुसतं टेकवा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. हे थांबणंच महत्त्वाचं, कारण तेवढ्या वेळात मीठ विरघळतं. मग दाब न देता मधून कडेकडे एकदाच ओढा. फडक्याची घडी बदला. त्याच बाजूनं पुन्हा पुसलं तर काढलेलं मीठ परत लागतं. असं तीनदा करा, मग कोरड्या फडक्यानं टिपा. कड्याच्या खाचेत ओलसर कापसाची काडी फिरवा, सगळ्यात जास्त मीठ तिथे साचतं. बोटांचे ठसे राहिले असतील तर आता क्लीनर वापरा.

बाकीचं

बॉडी, बटणांच्या फटी आणि हॉट शू (वरची फ्लॅश बसवायची खाच) ओलसर फडक्यानं पुसा. माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या कड्याचे, सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या फडक्यानंच. खोडरबरानं घासलं तर मुलामा निघतो. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्यानं धुवा. पट्टा खारं पाणी पितो, तोही धुवा.

झूम रिंग करकरली तर फिरवणं तिथेच थांबवा. ब्लोअरनं गेलं तर ठीक, नाहीतर सर्व्हिसला द्या. तेल अजिबात सोडू नका, वाळू त्याला धरून आत जाते. कॅमेरा लाटेत पडला तर बॅटरी काढा, चालू होतो का ते पाहू नका आणि लवकरात लवकर दुरुस्तीला न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही, वर तांदळाची पूड आत जाते.

नागपूरला पोचलात की बॅग रिकामी करून उलटी झटका आणि तिचे कप्पे उन्हात वाळवा. कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा, स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबा उघडून माउंटचे स्क्रू आणि फिल्टरचे आटे टॉर्चच्या उजेडात तपासा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर तेवढा भाग ओलसर काडीनं पुसा, टिपा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा.