जर्सीवरचा आठ की शर्टाचं बटन?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या कबड्डी संघाच्या संत्री जर्सीसाठी मला जुन्या धाटणीची अक्षरं हवी होती: जाड, टोकांना चौकोनी ठोकळे असलेली स्लॅब सेरिफ. (१९व्या शतकात इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी पुढे आलेली ही जात, म्हणजे लांबून ओरडण्यातच हिचा जन्म गेला.) नमुना आला तर इंग्रजी ६ आणि ८ ची भोकं बुजलेली. आमचा चढाईपटू म्हणाला, "भाऊ, हा आठ हाय का बटन?"

चूक फॉन्टची नव्हती, माझीच होती. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या अंकांना ४ मिमीची निळी आउटलाइन दिली होती. ती कडेच्या दोन्ही अंगांना निम्मी निम्मी पसरते, म्हणजे अंकही बारीक होतो आणि भोकही आकसतं. आउटलाइन २ मिमी केली, 'बिहाइंड फिल'वर टिक केली (म्हणजे आउटलाइन अंकाच्या रंगामागे जाते), मग अंक कर्व्हमध्ये, म्हणजे हव्या तशा वळवता येणाऱ्या रेषांमध्ये बदलून भोकांचे नोड (रेषेवरचे बिंदू) हातानं बाहेर ओढले. कंटाळवाणं काम, पण दुसरा इलाज नाही.

ठोकळ्यांचे कोपरेही किंचित गोल केले, कारण अंक ज्यातून कापून जर्सीवर चिकटवतात ते व्हिनाइल (पातळ प्लास्टिक) टोकदार कोपऱ्यापासूनच आधी सुटतं. पाठीवरच्या मराठी नावांसाठी 'टेको' या फॉन्टचं बोल्ड घेतलं. त्याला स्लॅब नाहीत, पण चौकोनी वळणं शेजारी शोभली.